चाळीस सेकंद आधी

चौदाव्या मागावरचा पिवळा दिवा लागला तेव्हा कल्लाप्पा तंबाखू मळत होता. त्याने तळहात तसाच मिटला, दुसऱ्या हाताने माग बंद केला आणि वाकून पाहिलं. आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याला फटका देणारा चामडी पट्टा कडेने उसवला होता. माग आणखी चाळीस सेकंद चालला असता तर धोटा मध्येच अडकून ताण्याचे दोन-तीनशे उभे धागे तुटले असते आणि ते सांधण्यात दिवस गेला असता.

"बघ की, लागला," भूपालअण्णा हेमांगीच्या कानाशी ओरडले. चोवीस माग चालू असलेल्या त्यांच्या कारखान्यात ओरडल्याशिवाय बोलता येत नसे. इचलकरंजीत एव्हाना बहुतेकांनी बिनधोट्याचे माग घेतले होते. अण्णांचे मात्र वडिलांच्या वेळचे होते.

हेमांगी मगदूमने प्रत्येक मागाजवळच्या खांबावर रुपयाएवढी एक चकती बसवली होती. चकती दिवसभर आवाज टिपायची. कुठला माग किती वाजता थांबवला आणि त्यात काय बिघडलं होतं, हे कारखान्याच्या वहीत लिहिलेलं असायचं. सात महिन्यांचे आवाज आणि त्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तिने एक प्रारूप शिकवलं होतं, म्हणजे बिघाडाआधीचा आवाज ओळखणारं गणित. शंभरातले एक्क्याण्णव बिघाड ते मागावरचा दिवा लावून आधी सांगत होतं. चकतीची जोडणी, आज्ञावली, संकेतस्थळ, तक्रारींचा फोन, सगळं तिचं एकटीचं. महिन्याच्या वर्गणीवर मिळणाऱ्या या सेवेला तिने नाव दिलं होतं 'कानोसा'.

कल्लाप्पा अजून वाकलेलाच होता, तेवढ्यात दस्तगीर मोमीन तिथे पोचले. माग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात. एकतीस वर्षं ते अण्णांकडे जॉबर होते. कमरेला पान्यांचा जुडगा, पायात काही नाही.

"मामा, परत उशीर," अण्णा म्हणाले. "दिवा तुमच्या आधी पोचतोय रोज."

"दिव्याला गुडघं न्हाईत," कल्लाप्पा म्हणाला.

दस्तगीरमामा हसले, खाली बसले आणि पट्टा सोडवू लागले.

दिवाळीनंतर अण्णांनी त्यांना घरी बसवलं. "दिवा असताना माणूस कशाला फिरवायचा? लागेल तेव्हा बोलवून घेऊ," ते हेमांगीला म्हणाले. तिला ते वाक्य आवडलं. अण्णांची परवानगी घेऊन तिने ते संकेतस्थळावर टाकलं, आणि सेवा सर्वांसाठी खुली केली.

पहिल्या महिन्यात बारा कारखाने आले. दुसऱ्या आठवड्यापासून फोनही येऊ लागले.

"ताई, तुमचा दिवा उपास करतोय काय?"

ती स्वतः जाऊन चकत्या पुसून आली, काहींची जागा बदलली. नवे माग, नवा आवाज, प्रारूपाला सरावायला वेळ लागेल, असं तिने सगळ्यांना कळवलं. स्वतःलाही तिने तेच समजावलं. अण्णांच्या कारखान्यातही एकोणीस दिवस एकही दिवा लागला नव्हता, पण तिथून तक्रार नव्हती. अधूनमधून धागे तुटत त्याचा दोष अण्णा सुताला देत, आणि माग सुधारलेत असं सांगत फिरत होते.

विसाव्या दिवशी नवव्या मागाचा धोटा उडाला आणि कल्लाप्पाच्या भुवईवर बसला. सात टाके पडले. डोळा बोटभराने वाचला.

हेमांगी दवाखान्यात गेली तेव्हा तो पट्टी सांभाळत म्हणाला, "आधी कान मागाकडं असायचा. जरा वेगळा वाजला की मी बाजूला. आता नजर दिव्याकडं. लागला न्हाई, म्हणून निवांत होतो."

त्या दिवशी तिने पहिल्यांदा प्रारूपाला उलटा प्रश्न विचारला: तुला नेमकं काय ऐकू येतं? पद्धत सोपी होती. जुन्या ध्वनिमुद्रणातला एकेक आवाज पुसायचा आणि अंदाज कधी ढासळतो ते पाहायचं. तिने धोट्याचा आवाज पुसला. काही फरक पडला नाही. पट्ट्याचा पुसला, मोटारीचा पुसला. प्रारूप एक्क्याण्णववर ठाम राहिलं. शेवटी उरला एक बारीक खुळखुळाट, हळूहळू चकतीजवळ येणारा. तो पुसल्यावर शंभरातले अकराच बिघाड ओळखता आले.

तिने तो आवाज सुटा करून तीनदा ऐकला. पाने होते. कमरेच्या जुडग्यातले.

मग वहीतल्या नोंदी निराळ्या दिसू लागल्या. सात महिने बहुतेक माग दस्तगीरमामांनीच थांबवले होते, बिघाड होण्याच्या जरासे आधी. प्रारूपाने माग ऐकलेच नव्हते. एक माणूस कुठल्या मागाकडे निघाला आहे, एवढंच ते शिकलं होतं. दिवे बसल्यावर मामा निघाले की दिवा लागायचा, आणि ते पोचेपर्यंत माग बंद झालेला असायचा.

तिने बाराही कारखान्यांना निरोप पाठवला: कानोसाचे दिवे आजपासून बंद. त्यांच्यावर विसंबू नका. चूक माझी आहे. अकरा जणांनी तासाभरात वर्गणी बंद केली. अण्णांना तिने समोर बसून सांगितलं. ते म्हणाले, "मामांना बोलावतीस काय बघ. मला तोंड न्हाई."

दस्तगीरमामा घरी उन्हात शेंगा फोडत बसले होते. पाने दाराशेजारच्या खिळ्याला होते. हेमांगीने सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"एकदा पाने घरी विसरलो होतो," ते म्हणाले. "त्या दिवशी दिवा लागलाच न्हाई. दोन माग मीच जाऊन बंद केले."

"मग सांगितलं का नाहीत, मामा?"

"कुणाला? तू सांगितलं होतंस, दिवा मागाचं ऐकतो. शिकलेली पोरगी. मी म्हटलं, ऐकत असंल."

"तुम्हाला कसं कळतं पण? कुठल्या मागाकडे जायचं ते?"

त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे तिच्या हातावर ठेवले. "कळत न्हाई. पाय उचलतो. पोचल्यावर दिसतं, काय बिघडलंय ते."

हेमांगीने त्यांच्या पावलांकडे पाहिलं. टाचा भेगाळलेल्या, तळवे रुंद. चकत्या खांबावर होत्या, हवेतला आवाज टिपत. फरशीत काय थरथरतं, ते तिने कधी मोजलंच नव्हतं.

"या परत," ती म्हणाली. "अण्णांनी विचारलंय. आणि मी या वेळी चकत्या जमिनीत बसवणार आहे. वर्षभर तुम्ही फक्त नेहमीसारखं फिरायचं. पाने मात्र कमरेला नकोत."

"वर्षभर."

"हो."

"मग ते शिकलं म्हणजे दिवे परत लागणार."

"शिकलं तर."

मामांनी टरफलं एका बाजूला सारली, उठून खिळ्यावरचे पाने काढले, हातात तोलून पाहिले आणि परत टांगले.

"यायला हरकत न्हाई," ते म्हणाले. "मागल्या बारीला दिवा आधी पोचला, म्हणून घरी बसलो. फक्त एक सांगून ठेव पोरी. त्या वेळी मी दिव्याच्या आधी पोचायचं, का नंतर?"