निळ्या टोपीवरचं फुलपाखरू

संध्याकाळपर्यंत फोटो हवाच होता! उद्या सकाळी त्या डोंगरउतारावर स्प्रूसची झाडं लावायला यंत्र येणार होतं. तपकिरी अंगावर पिवळ्या चौकड्यांचं, नखाएवढं ते फुलपाखरू तिथल्या गवतात अजून राहतं असा पुरावा दिला, तरच काम थांबणार. म्हणून म्हातारी एफी आणि तिचे दीर लॅकलन स्कॉटलंडच्या त्या दलदलीत शिरले.

पण ते फुलपाखरू म्हणजे संस्थानिक! ऊन पडल्याशिवाय उठायचं नाही. आणि ढग तर जावयासारखे मुक्काम ठोकून बसलेले. चिलटं इतकी, की लॅकलननी जांभई दिली आणि त्यांचं दुपारचं जेवण तिथेच उरकलं.

"वहिनी, सूर्याला शीळ घालू का?"

"त्यापेक्षा ती निळी टोपी काढा, भावोजी. तिला बघूनच तो लपलाय."

इतक्यात ऊन फुटलं! गवतातून पिवळा ठिपका उडाला. लॅकलन कॅमेरा घेऊन धावले. हिरव्यागार शेवाळावर पाय पडला आणि धप्प! कमरेपर्यंत आत!

जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापली, की वरची गवताची ढेकळं खड्ड्याच्या तळाशी परत मांडायची, हा तिथला रिवाज. हा खड्डा एफीच्या कैलासवासी नवऱ्याने खणलेला. त्या आळशाने जन्मात ढेकूळ परत मांडलं नाही.

"मेल्यावरही भाऊ छळतोय!" लॅकलन ओरडले. "फुलपाखरू कुठाय?"

"तुमच्या टोपीवर!"

खरंच! टोपीला निळं फूल समजून ते पंख पसरून बसलं होतं. कॅमेरा लॅकलनच्या हातात, फुलपाखरू डोक्यावर आणि चिखल छातीला!

"हलू नका!"

"हलतोय कुठं? बुडतोय!"

"कॅमेरा फेका इकडे!"

फेकला. डुबुक! तो थेट दलदलीच्या पोटात.

आता खांद्यावरचा दोर टाकला, तर फुलपाखरू उडणार. नाही टाकला, तर दीर जाणार. एफीने कपाळावर हात मारला आणि दोर टाकला. ओढलं! पुन्हा ओढलं!

"भावोजी, बूट सोडा!"

"विजारही चाललीय, वहिनी!"

"जाऊ दे तिला!"

लॅकलन वर आले. टोपी शेवाळावर राहिली. ऊन गेलं. दोघं रिकाम्या हातांनी घरी परतली.

सकाळी यंत्र धडधडत आलं. वाटेत एकटी एफी. एकुलती एक विजार दलदलीत, म्हणून मागच्या झुडपात नेसत्या घोंगडीनिशी लॅकलन. यंत्रापुढे त्या दोघांचं काय चालणार?

चालकाने डोकं बाहेर काढलं. "आजी, ती टोपी कुणाची?"

एफीला दुसरं काही सुचेना. तिने डोळ्यांना रुमाल लावला. "आमच्या दिरांची. काल इथंच बुडाले. जरा सावकाश चालव हं, बाबा."

चालक पांढराफटक पडला. यंत्र बंद केलं. साहेबाला दाखवायला त्याने टोपीवर फोन रोखला. तेवढ्यात डोंगरावरून ऊन उतरलं. गवतातून चौकड्यांचं चिमुकलं जनावर उडालं आणि ऐटीत टोपीवर जाऊन बसलं.

खट्! फोटो निघाला!

झुडपात लॅकलन जोरात शिंकले. एफीने त्याहून मोठा हुंदका दिला.