चुटकीखालचा आवाज

किटलीचं बटण टक् करून वर आलं आणि सकाळची शांतता मोडली. तेवढ्या आवाजानंही तिची बोटं आपसूक एकमेकांवर टेकली. सवयच ती. ऐकायची पुस्तकं वाचून द्यायची, हे तिचं काम. वाक्य चुकलं की थांबून चुटकी वाजवायची, म्हणजे रेकॉर्डिस्टला चूक नेमकी सापडते. मग मागच्या पूर्णविरामापासून पुन्हा वाचायचं.

पूर्वी पानंच्या पानं चुटकीशिवाय जायची. मग तो ताप आला, घरोघरी येऊन गेलेला, साधाच. ताप गेला, खोकला गेला. दम मात्र परतला नाही.

"फुप्फुसं आरशासारखी स्वच्छ आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरुण आहात, धडधाकट आहात. येईल हळूहळू ताकद."

जिन्याच्या वळणावर ती चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं टेकायची. "लग्नानंतर पहिल्यांदाच तुझ्या बोलण्यात पूर्णविराम आला," नवरा चिडवायचा आणि हातातली पिशवी काढून घ्यायचा.

स्टुडिओत तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. जाडजूड कादंबरी हाती होती. दम पुरत नाही म्हटलं असतं तर त्या खुर्चीत दुसरी कुणी बसली असती. लांब वाक्य आलं की अर्ध्यावरच छातीतली हवा संपायची. चुटकी. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा चुटकी.

रेकॉर्डिस्टचे कान फार तिखट, म्हणून सगळे त्याला कान्होबा म्हणत. आज त्यानं तिला दारातच अडवलं.

"ताई, बसा जरा. कालचं ऐका."

"काय चुकलंय?"

"काहीच नाही. तेच तर."

तिचा आवाज सुरू झाला. लांबलचक वाक्य. हवा संपली होती ती जागा आली, चुटकी स्वच्छ वाजली. आवाज थांबला नाही. चुटकीवरून तसाच पुढे गेला, तिचाच आवाज, तिचेच हेल, थेट पूर्णविरामापर्यंत.

"तुम्ही जोडलंत?"

"हातसुद्धा लावला नाही. तुम्ही परत वाचलेलं याच्या पुढे आहे, वेगळं." तो पडद्याकडेच बघत होता. "अजून एक. वाक्याआधी तुम्ही श्वास घेता, तो ऐकू येतो. हिचा येत नाही."

हिचा. त्यानं लगेच जीभ चावली.

"माइकचं काहीतरी असेल," ती म्हणाली. "कापून टाका."

"कुठली कापू?"

दुपारी लेक शाळेतून आली आणि जेवून तिच्या कुशीत शिरली. जाड पडद्यातून पिवळट ऊन आत येत होतं. आजारपणापासून दोघींची एक गोष्ट चालू होती, तिनं मनानंच रचलेली. दम संपला की ती लेकीला थोपटत राहायची. तोवर लेकीचे डोळे मिटलेले असायचे.

"कुठपर्यंत आलो होतो गं आपण?"

"काल संपली की."

"संपली कशी? मी गोगलगाईला पुलावर सोडलं होतं."

"मग तिनं शंख काढून ठेवला आणि पाणी बघायला गेली. परत आली तर आत दुसरीच." लेकीनं जांभई दिली. "तिच्यासारखीच."

तिनं हे कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच. तू थांबतेस ना, तेव्हा."

तिनं घाईघाईनं नवी गोष्ट सुरू केली. काहीही. एक मांजर, एक छत्री, एक बंद दुकान. थांबायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

शब्द आखूड झाले.

छाती रिती होत आली. तरी ती ओढत राहिली, एकेक अक्षर.

लेकीनं तिच्या छातीला कान लावला. हळूच तिच्या ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं आणि मन लावून ऐकत राहिली.

मग मान वर केली.

"आई, ती विचारतेय, अजून किती वेळ तूच बोलणार आहेस?"