न चाखलेले मोदक

सकाळी मोठी शीतखोली उघडली, तर आत गारवा नावालाही नव्हता. मंडळांसाठी केलेले उकडीचे मोदक ट्रेमध्ये लिबलिबीत होऊन बसले होते. फ्रीजर कोणीतरी बंद केला होता. धोक्याचा भोंगाही कोणीतरी गप्प करून ठेवला होता. आणि गणपती तर तोंडावर आलेले.

दोन्हींच्या किल्ल्या दोघांकडेच असायच्या. एक इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या या कारखान्याचा प्रमुख परीक्षित आणि दुसरा रात्रपाळीचा तंत्रज्ञ अवधूत. अवधूत पाळी अर्धवट सोडून घरी गेला होता, त्यामुळे संशय कोणावर जाणार हे उघड होतं. मालकीणबाई अरुणाताईंनी त्याचा पास काढून घेतला. नोकरी गेली की त्याचा व्हिसाही जाणार होता. नागपूरहून नुकत्याच आलेल्या बायको-मुलीला घेऊन त्याला परत फिरावं लागणार होतं.

दुपारपर्यंत विम्याची माणसं आली. माणसं म्हणजे सुचेताताई आणि त्यांच्या हाताखाली शिकायला आलेली ईशानी. ईशानी नॉटिंगहॅमची विद्यार्थिनी, जन्म इथलाच, वर्षभराच्या प्लेसमेंटवर होती. करिअर फेअरमध्ये सगळ्यात छोटी रांग बघून ती ज्या स्टॉलपाशी उभी राहिली, तो नेमका कॅप्टिव्ह विम्याचा निघाला. मोठा उद्योग स्वतःपुरती स्वतःचीच विमा कंपनी काढतो. त्याचे सगळे कारखाने तिच्यात हप्ते भरतात आणि नुकसान झालं की तीच भरपाई देते. अरुणाताईंच्या उद्योगाचीही अशी घरची विमा कंपनी होती आणि तिचा कारभार सुचेताताईंचं ऑफिस बघायचं.

"घरचंच काम आहे," परीक्षित हसून म्हणाला. "फोटो काढा, सही करा, जेवून जा."

ईशानीला ते हसणं खटकलं. इतका माल वाया गेल्यावर कोणी इतकं मोकळं कसं हसतं?

सुचेताताई फोटो काढत होत्या, तेवढ्यात ईशानीने एका मोदकाचा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच टिश्यूत थुंकला.

"अगं, नैवेद्याचे आहेत ते!" सुचेताताई ओरडल्या. "इथे कोणी चाखत नाही. देवाआधी कोणाच्या जिभेला लागू द्यायचे नाहीत, हा या कारखान्याचा नियमच आहे."

"सॉरी, मला नव्हतं माहीत," ईशानी पुटपुटली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंडातली चव काही जाईना.

अवधूत कार पार्कमध्ये घुटमळत होता. ईशानीने त्याला गाठलं.

"तुम्ही मधेच घरी का गेलात?"

"परीक्षित सरांनी पाठवलं. म्हणाले, उद्या धावपळ आहे, जाऊन झोप."

"फ्रीजर चालू होता?"

"मी निघालो तेव्हा चालू होता. पण माझं ऐकतो कोण, मॅडम? सर म्हणतात, मी असं बोललोच नाही."

एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द होता, आणि त्यातला एक शब्द साहेबाचा होता. ईशानी आत परतली तर परीक्षित चहाचे कप भरत होता. मंडळांची ऑर्डर आपण चुकू दिली नाही, याच महिन्यात सगळ्या कारखान्यांचा प्रमुख ठरेल तेव्हा हे लक्षात राहील, असं तो सुचेताताईंना अभिमानाने सांगत होता. लीड्सच्या एका केटररकडून ताज्या मोदकांची व्हॅन आली होती, सकाळी खोली उघडल्यावर थोड्याच वेळात. सुचेताताईंनी त्याच्या तत्परतेचं कौतुक केलं. ईशानीने कप तसाच ठेवला आणि अरुणाताईंना बोलवा म्हणाली.

तिचं मराठी अडखळत होतं, पण ती थांबली नाही.

"अरुणाताई, मोदक मी चाखली. खोबरं बिटर आहे, जुन्या तेलासारखं."

"खवट," सुचेताताई हळूच म्हणाल्या. मग त्यांनीही एक मोदक फोडून जिभेला लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. एका रात्रीत मोदक मऊ पडतो, फार तर आंबतो. खोबरं खवट व्हायला महिने लागतात.

"म्हणजे हा माल फ्रीजर बंद पडायच्या आधीच वाया गेला होता," ईशानी म्हणाली. "वेलचीमुळे वास आला नाही आणि नियमामुळे कोणी चाखलं नाही. फक्त एकाला माहीत होतं. कोणाला? ज्याने लीड्सला ऑर्डर दिली त्याला. खोली उघडली आज सकाळी. मग नारळ खवणं, उकड मळणं, शेकडो मोदक वळणं, शिवाय चार तासांवरच्या लीड्सहून इथवर येणं, हे थोड्या वेळात कसं होईल? ती ऑर्डर काल गेली होती. काल तर फ्रीजर चालू होता."

परीक्षितने सुचेताताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"पण यात मला काय मिळणार?" त्याने विचारलं. "विमा कंपनी आपलीच. या खिशातून त्या खिशात."

"मलाही तेच कळत नव्हतं. पण तुमचं काम एकाच खिशावरून मोजतात. खवट खोबरं तुम्ही घेतलं हे कळलं असतं, तर तोटा तुमच्या कारखान्याचा. फ्रीजर बंद पडला, तर तोटा विम्याचा. आणि सगळ्या कारखान्यांचा प्रमुख याच महिन्यात ठरणार आहे ना?"

परीक्षित खुर्चीत खचला. खोबरं स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं होतं. सगळे मोदक वळून झाल्यावर एका उरलेल्या पोत्याचा वास आला, तेव्हा त्याचं धाबं दणाणलं. बाहेरची विमा कंपनी असती तर आपली हिंमत झाली नसती, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "कंपनीचं नुकसान मी केलंच नाही, ताई."

"अवधूतचं केलंस," अरुणाताई म्हणाल्या आणि त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या.

त्या स्वतः कार पार्कमध्ये गेल्या, मागे ईशानी. अवधूत फोनवर बायकोला सामान बांधायला सांगत होता. अरुणाताईंनी पास पुढे केला आणि माफी मागितली. त्याने पास घेतला नाही.

"चूक होते, मॅडम," तो म्हणाला. "पण सकाळी तुम्ही मला काही विचारलंच नाहीत."

अरुणाताई त्याच्याशेजारी कठड्यावर बसल्या आणि काल रात्री काय झालं ते त्यांनी त्याला विचारलं. अवधूतने बायकोला नंतर बोलतो म्हणून सांगितलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागला.