वाचक कुठे थांबतो

शिलाई मशीनचा धागा सारखा तुटत असेल, तर दहातल्या आठ वेळा सुई उलटी बसवलेली असते. हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना तोंडी सांगितलं आणि गेली तीन वर्षं वेबसाइटवर लिहून सांगतेय. प्रत्येक बिघाडाला एक पान, प्रत्येक पानावर सात-आठ फोटो. फोटो मीच काढते, आमच्या दुकानातच. रस्त्याकडची एक खोली, मोठी खिडकी, एका बाजूला बाबांचं कामाचं टेबल, त्यापलीकडे राखाडी फरशी आणि पांढरी भिंत. बाबा गेल्यावर ती खोली दादाच्या आणि माझ्या नावावर झाली.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकड्यात मावत नाही ते त्याच्या लेखी नसतंच. एका कुरियर कंपनीला पार्सलं ठेवायला आमची खोली हवी होती. दादाचं म्हणणं सरळ होतं. नव्या मशीन लोक दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात, आणि जुन्या उरल्यात किती? साइटवरच्या जाहिरातींतून माझा चहा-साखरेचा खर्च सुटायचा, एवढंच. मी अडून बसले तेव्हा त्यानं अट घातली. कुरियरवाले देतील तेवढं भाडं साइटनं वर्षाच्या आत सलग तीन महिने कमवून दाखवायचं. जमलं तर खोली माझी. नाही जमलं तर किल्ली त्यांच्या हातात.

मी हो म्हटलं. त्या टेबलाशिवाय मी सकाळी उठून जाणार कुठे, हे मला सुचतच नव्हतं. दादाला तसं सांगितलं असतं, तर त्यानं त्याचाही आकडा विचारला असता.

मग मी मोजपट्टीला बोलावलं. ही माझी जुनी मैत्रीण. एका वर्तमानपत्रात तिनं तीस वर्षं पानं लावली, कुठली जाहिरात कुठे बसेल ते ठरवलं. निवृत्त झाली तरी पर्समध्ये स्टीलची पट्टी असतेच, म्हणून हे नाव. तिनं माझी साइट उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. दिसली मोकळी भिंत की ठोक खिळा, असा माझा कारभार होता. दर परिच्छेदाखाली एक जाहिरात, वर दोन, खाली तीन. पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जायचा.

"निम्म्या काढ," ती म्हणाली. "वाचक जिथं थांबतो तिथं एकच ठेव. बाकीच्या नुसती गर्दी आहे."

तो कुठे थांबतो ते कळायला तिनं साइटला हीटमॅप जोडला. वाचकाचं बोट किंवा माउस पानावर जिथं रेंगाळतो, तिथं लाल डाग उमटतो. हजारो वाचकांचे डाग एकावर एक साचले की नकाशा तयार होतो. मला ते फार पटलं. बिघाड कुठे आहे ते आधी बघायचं आणि मग पेचकस उचलायचा, हीच तर आमची रीत.

आठवड्यानं नकाशा आला. धागा तुटण्याच्या पानावर सुईचा ठसठशीत फोटो होता. सुईवर डाग नव्हता. डाग होता तो मागे, मशीनच्या उजव्या खांद्यावरून दिसणाऱ्या फरशीवर. तिथं काही नव्हतं. फरशी आणि थोडी भिंत.

बॉबिनच्या पानावर तेच, पट्टा बदलायच्या पानावरही तेच. मी चुका शोधायला बसले. मोठ्या स्क्रीनवर पाहिलं, मोबाइलवर पाहिलं, हीटमॅपवाल्यांना कळवलं. आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे, असं त्यांचं उत्तर आलं. मग मी खोलीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून नवा फोटो काढला. आता तीच जागा डावीकडे येत होती. चार दिवसांत लाल डागही डावीकडे आला. मोजपट्टीनं स्क्रीनला पट्टी लावली, मग खोलीत जाऊन फरश्या मोजल्या. भिंतीपासून तिसरी, कोपरा उडालेली.

तिनं पट्टी पर्समध्ये टाकली. मग म्हणाली की वाचकाला काय आवडावं हे सांगणारे आपण कोण, तो थांबतोय ना. आम्ही प्रत्येक फोटोचा तेवढा तुकडा कापला आणि तिथं जाहिरात बसवली.

त्या महिन्यात साइटची कमाई दुप्पट झाली. मी दुकानाचं दार लोटून टेबलाभोवती एक गिरकी घेतली. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं गिरक्या घेऊ नयेत हे मला कळतं, पण पाय ऐकेनात.

पुढच्या नकाशात डाग सरकला होता. कापून उरलेल्या फोटोंत तो आता चौथ्या फरशीवर होता, म्हणजे टेबलाच्या बाजूला एक फरशी पुढे. आम्ही तोही तुकडा कापला, तिथं जाहिरात बसवली. कमाई आणखी वाढली. मग तो पाचवीवर आला आणि त्या महिन्यात कमाईनं पहिल्यांदा भाडं गाठलं. टेबल सातव्या फरशीवर सुरू होतं.

भीती वाटली का? वाटली. पण कुरियरवाल्यांची जास्त वाटत होती.

बाबांचा विचार मनात आला नाही असं नाही. पण बाबा त्या बाजूला कधीच बसले नाहीत, हातावर सावली पडते म्हणून. शिवाय बाबा असते तर एवढे दिवस गप्प राहिले नसते. पेचकस कसा धरलाय यावरूनच त्यांनी मला चार शब्द ऐकवले असते.

एकदा मी मागे पांढरी चादर टांगून फोटो काढले. छान स्वच्छ फोटो, नुसती मशीन आणि माझे हात. लाल डाग कुठेच उमटला नाही, वाचक भराभर निघून गेले आणि कमाई धाडकन खाली आली. हा आमचा सलग दुसरा महिना होता, तो हुकला. पुन्हा एकपासून मोजणं आलं आणि वर्ष संपायला चारच महिने राहिले. चादर उतरवली. मी भिंतीकडे न बघता तिची घडी केली.

डाग सहाव्या फरशीवर आला, तेव्हा पट्ट्याच्या पानाखाली एका वाचकाचा अभिप्राय आला. कुठल्या तरी लांबच्या गावचा शिंपी होता. त्यानं लिहिलं होतं, "ताई, पट्टा बसला, मशीन चालू झाली. आभारी आहे. त्यांना बसायला काहीतरी द्या."

मी ते तीनदा वाचलं. मोजपट्टीला दाखवलं. तिनं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

गिऱ्हाइकांसाठी दाराशी एक लाकडी स्टूल असायचं. दुपारी चांगलं लख्ख ऊन आत आलं होतं. मी ते स्टूल उचललं आणि सहाव्या फरशीवर, टेबलाच्या पलीकडे, माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर ठेवलं. मग सगळ्या पानांचे फोटो नव्यानं काढले.

डाग स्टुलावर बसला. त्यानंतर तो हलला नाही.

फोटोतून स्टूल कापायचं धाडस मला झालं नाही. जाहिरात त्याच्या शेजारी ठेवली. वाचक आता पानावर पूर्वीच्या तिप्पट वेळ थांबू लागले. कुरियरवाल्यांचं भाडं त्या महिन्याच्या विसाव्या दिवशीच मागे पडलं. दुसऱ्या महिन्यात पंधराव्या दिवशी. मोजपट्टी तेव्हापासून कामाचं बोलायला बाहेरच्या पायरीवर बसते. तिथं हवेशीर आहे म्हणते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला दादा आला. दुपारची वेळ, रस्ता वाहत होता. मी कागद त्याच्यासमोर ठेवले. त्यानं टेबलाशी उभ्या उभ्या सगळे आकडे तपासले, खिशातून पेन काढून बेरीज पुन्हा केली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मानलं तुला."

दादाच्या तोंडून हे शब्द मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकले. त्यानं खिशातून त्याची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. खोली माझी झाली. मी जिंकले होते, आणि समोर उभं राहून हरणारा माणूस खूश दिसत होता, हे त्याहून मोठं.

मी चहा केला. त्याचे गुडघे दुखरे आहेत, पाच मिनिटं उभं राहवत नाही.

"बस की," मी म्हटलं.

त्यानं स्टुलाकडे पाहिलं.

"नको नको. असू दे."

टेबलाची कड धरून तो उभ्यानंच चहा प्यायला. वर्गात साठ मुलांवर आवाज चढवणारा दादा हळू बोलत होता. कप ठेवतानाही आवाज होऊ दिला नाही.

"येतो," मला म्हणाला.

दारापर्यंत गेला आणि वळला. माझ्याकडे नाही, टेबलाच्या पलीकडे बघून त्यानं मान किंचित झुकवली.

"येतो हं मी. बसा, बसा तुम्ही."

दादानं मला कधी अहो-जाहो केलेलं नाही.

मी दार लावलं. दोन्ही किल्ल्या मुठीत धरून मी मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग नव्या पानाच्या तयारीला लागले. कॅमेरा लावण्याआधी टेबल वीतभर माझ्या बाजूला ओढून घेतलं, समोरच्यांना पाय नीट ठेवता यावेत म्हणून.