न लिहिलेली टाळी

या, जरा जवळ सरका. कीर्तनाला बसता तसं मांडी घालून बसा. आज देवाची नाही, दोन माणसांची गोष्ट सांगते.

दुष्काळात उदगीरकडची कितीतरी घरं नांदेडच्या बाहेर पालं ठोकून राहिली होती. त्यांचं मन सावरावं म्हणून एका संस्थेनं बैठका सुरू केल्या. त्या घ्यायची चांगुणा, कीर्तनकाराची लेक. बैठका संस्थेच्या पुस्तकाबरहुकूम होतात का, हे तपासायला आला साहेबराव. त्यानं नुसतं बघायचं, सामील व्हायचं नाही, असा नियम.

पहिल्याच दिवशी तो पालाच्या दोरीला अडखळला — थेट तिच्या पुढ्यात!

"आईनं नावातच साहेब घातला... चालायला शिकवलं न्हाई का?"

"तुम्ही शिकवा."

"पुस्तकात न्हाई ते. मार्क कापाल!"

मग तिची बट कपाळावर आली, की त्याचा पेन थांबायचा.

"लग्नाचं कधी विचारू?"

"उदगीर जिल्हा झाला की!"

तेव्हा नव्या जिल्ह्याची आवई रोज उठायची. त्याला तो होकारच वाटला.

पुस्तक म्हणायचं, डोळे मिटा, श्वासाकडे बघा. पण डोळे मिटले की पालातल्या सिद्धम्माला आटलेली विहीर दिसे, गाळ काढताना तिथंच गेलेला लेक दिसे. तेव्हापासून ती बोललीच नव्हती. एक दिवस चांगुणानं पुस्तक मिटलं आणि वडिलांच्या चालीत नामाचा गजर धरला. बायांनी टाळ्या धरल्या. मागं साहेबरावानंही... भान विसरून, मान डोलवत.

"मल्लू..." सिद्धम्माच्या तोंडून लेकाचं नाव फुटलं. ती पोटभर रडली.

साहेबरावानं लिहिलं, बैठक पुस्तकाप्रमाणे झाली नाही.

चांगुणाला काढलं. नवी बाई अक्षर न् अक्षर वाचायची. तिला पैकीच्या पैकी. सिद्धम्मा पुन्हा गप्प झाली, आणि एका सकाळी तिचं पाल तिथं नव्हतं.

साहेबराव चांगुणाच्या दारी आला.

"खोटं लिहिता आलं नाही गं..."

"खरंच लिहिलंत. त्याचा राग न्हाई." तिचे डोळे भरले. "पण तुमची टाळी लिहिलीत?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"माझं चुकलेलं तेवढं मोजलंत, सायेब. अशा माणसाच्या घरी मी कशी नांदू?"

"आणि... उदगीर जिल्हा झाला तर?"

"झाला तरी न्हाई."

दार हळूच लागलं.

या दोघांना विसरलात तरी चालेल, बाळांनो. पण कुठं गजरात हात आपोआप उठले, तर एक टाळी सिद्धम्माच्या नावानं वाजवा.