आक्षेप नसेल तर...

"या माझ्याबरोबर आहेत," असं तो दारावरच्या रखवालदाराला म्हणाला, तेव्हा मी त्याच्याबरोबर अजिबात नव्हते.

मी होते माझ्या पिशवीबरोबर. निम्मी पिशवी पायरीवर उपसून झाली होती. छत्री, डबा, चार्जर, आणखी एक चार्जर... आणि आत जायचं कार्ड काही सापडत नव्हतं. बाहेर पाऊस भुरभुरत होता, केस कपाळाला चिकटले होते, सभा सुरू व्हायला आली होती. तेवढ्यात हा उंच माणूस मागून आला, माझ्या लॅपटॉपवरच्या ‘बोलका’च्या स्टिकरकडे एक नजर टाकली आणि बिनदिक्कत थाप मारली.

"थँक्यू," मी म्हणाले. "पण आपली ओळख...?"

"होईल की!" तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हसतो. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. यायला नको होतं, पण आलं.

‘बोलका’ म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. ते कुणा कंपनीचं नाही. आमच्यासारखी माणसं नोकरी सांभाळून ते बनवतात आणि फुकट वाटतात. त्यात काही चुकलं की लोक बग ट्रॅकरवर, म्हणजे आमच्या तक्रारींच्या पानावर, येऊन लिहितात. दिवसा मी एका ऑफिसात पगाराचं सॉफ्टवेअर लिहिते आणि उरलेल्या वेळात या तक्रारी निस्तरते.

सभेत तो नाव सांगून बोलायला उभा राहिला आणि मी कपाळावर हात मारला. अरे देवा, हा तर कुलूप! आमचा सर्व्हर सांभाळणारा, सगळे ज्याला कुलूप म्हणतात तो. ज्याच्याशी मी वर्षभर ईमेलवर कडाकडा भांडत होते, तो!

"ट्रॅकरवर रोज कचऱ्याचा ढीग पडतो," तो म्हणाला. "जुगाराच्या जाहिराती, वजन घटवायच्या गोळ्या. खऱ्या तक्रारी त्यात बुडतात आणि माझे सगळे रविवार तो उपसण्यात जातात. तेव्हा आपलं लॉगिन बंद करू. सगळ्यांनी त्या मोठ्या कंपनीच्या खात्यानं आत यावं. एक बटण दाबलं की काम फत्ते."

"आणि ज्याचं खातं नाही, त्यानं?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"उघडावं. फुकट असतं."

"खातं उघडताना चित्रं दाखवतात. यातले पूल निवडा म्हणे! माझ्या मावशीला दिसत नाही. तिनं पूल कसे निवडायचे?"

"आवाजाचा पर्याय असतो ना—"

"असतो. खरखरतो. मावशी तीनदा चुकली आणि त्यांनी तिचं खातंच गोठवलं. जिच्यासाठी बनवतोय, तिलाच तक्रार करायला दार नाही? मग बनवतोय कुणासाठी?"

मला आईच्या मागे मावशीनं वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती ती. निवृत्तीनंतर दृष्टी गेली, तेव्हा ती गप्प गप्प झाली होती. ‘बोलका’ हातात आला आणि ती पुन्हा भांडायला लागली. शब्द नीट वाचला नाही की तक्रार, स्वल्पविरामावर थांबला नाही की तक्रार. ते भांडण बंद होऊ द्यायचं नाही, एवढंच मला कळत होतं.

"मघाशी दारात माझं कार्ड बघितलंत?" मी विचारलं.

"नाही."

"मग आत कसं आणलंत?"

तो घुटमळला. "तुम्ही... चोर वाटला नाहीत."

सगळे हसले. मी नाही. "बस्स! मला हेच हवंय. साधा ईमेल द्यायचा, त्यावर लिंक येईल, ती उघडली की आत. पहिली तक्रार थांबवून ठेवायची. आपल्यातल्या कुणीतरी ‘हा माणूस खरा आहे’ म्हटलं की ती दिसेल. कचऱ्यासाठी असं कोण म्हणणार?"

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी प्रस्ताव मांडला आणि तीन दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर. गप्प बसणं म्हणजे होकार. आणि हरकत घेतलीच, तर नुसतं तोंड चालवून भागत नाही. जो नाही म्हणेल, त्यानं दुसरं काहीतरी करून दाखवायचं.

"पुढच्या सभेच्या आत करून दाखवते," मी म्हणाले.

सर्व्हरची किल्ली कुलपाकडेच. त्यामुळे दर शनिवारी, वाचनालयासमोरच्या कॉफीच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही बसायला लागलो. तो रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करायचा. बोटं कशी सावकाश, काही दुखू नये अशी चालायची त्याची. माझी बोटं कीबोर्ड बडवायची.

"त्यानं काय बिघडवलंय तुमचं?" तो एकदा म्हणाला.

"तुमचा राग त्याच्यावर काढतेय."

"मग माझ्यावरच काढा ना... मी समोरच तर आहे."

मी पडद्यात डोकं खुपसलं. कान तापले होते. मावशीला फोनवर नुसता त्याचा आवाज ऐकवला, तर म्हणाली, "आवाज सरळ आहे गं. हजारो ऐकलेत मी. तू ‘अहो-जाहो’ किती दिवस करणार आहेस?"

शेवटच्या शनिवारी मावशीलाच घेऊन आले, परीक्षेला. तिनं ईमेल दिला. लिंक आली. तिनं ती उघडली आणि ‘बोलका’ खणखणीत आवाजात म्हणाला, "ही लिंक आधीच वापरून झाली आहे."

पुन्हा. तेच. आणखी एकदा. तेच! माझ्या लॅपटॉपवर चालत होतं, त्याच्या लॅपटॉपवर चालत होतं, फक्त मावशीकडे घोडं अडत होतं. सभा दुसऱ्या दिवशी होती.

"झालं!" मी लॅपटॉप आपटून मिटला. "तुमच्या दृष्टीनं सुंठीवाचून खोकला गेला. उद्या तुमचाच प्रस्ताव मंजूर."

माझा लॅपटॉप हळूच आपल्याकडे ओढून त्यानं उघडला आणि सर्व्हरवरच्या नोंदी चाळायला लागला. मी त्याच्याकडे बघत राहिले. या माणसानं आता नुसता कॉफीचा घोट घेतला असता, तरी तो जिंकला असता.

"इकडे ये," तो एकदम म्हणाला. "ये" म्हणाला! त्याला कळलंसुद्धा नाही. "मावशींच्या आधी कुणीतरी लिंक उघडलीय. प्रत्येक वेळी. त्यांची ईमेल सेवाच! लिंक धोक्याची नाही ना, हे तपासायला ती आधी स्वतः उघडून बघते. आपली लिंक चालते एकदाच..."

"म्हणजे तपासणाराच आत जाऊन येतो, आणि मावशी बाहेर!"

"लिंक नकोच मग."

"आकडे!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. ईमेलमध्ये सहा आकडे पाठवायचे, ते पानावर टाकायचे. आकडे कोण उघडून बघणार?

संध्याकाळपर्यंत केलं. ‘बोलका’नं आकडे वाचले आणि मावशीनं एका दमात टाकले. आयुष्यभर नंबर जोडलेली बाई ती! आत गेली, आणि तिथल्या तिथे पहिली तक्रार ठोकून दिली: "या पानावरचं एक बटण नुसतं ‘बटण, बटण’ म्हणतं. कशाचं बटण?"

ते बटण माझं होतं. ‘हा माणूस खरा आहे’ म्हणायचं बटण. मी त्यावर नुसतं चिन्ह काढलं होतं आणि नाव द्यायचं विसरले होते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! कुलूप टेबलावर डोकं ठेवून हसला, मावशी हसली, आणि मला रडू आलं. मावशीची तक्रार आली होती.

"खऱ्या आहेत हो," असं म्हणत त्यानं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रस्ताव मांडला. मग ते तीन दिवस. काय सांगू, जीव नुसता टांगणीला लागला होता! कुणीच काही लिहिलं नाही. सगळ्यात मोठी हरकत ज्याची, तोही गप्प राहिला. मंजूर.

त्यानंतर शनिवारी भेटायचं काही कारणच उरलं नव्हतं. तरी मी गेले. तो आधीच येऊन बसला होता. खिडकीवर पावसाचे थेंब एकमेकांत मिसळून खाली उतरत होते.

"उद्याचा रविवार मोकळा आहे माझा," तो म्हणाला. "कचरा जवळजवळ नाहीच. तू जिंकलीस."

"आपण जिंकलो," मी म्हणाले. "तू नसतास तर..." तू! मीही म्हणाले. परत घ्यावंसं वाटलं नाही.

त्यानं चमचा उचलला, ठेवला, परत उचलला. "माझा एक प्रस्ताव आहे."

"कशाबद्दल? सर्व्हर?"

"नाही... आपल्याबद्दल. मला तू आवडतेस. भांडतेस तेव्हा तर फारच. आपण दोघांनी... कामाशिवायही... कायमचं एकत्र राहावं, असा प्रस्ताव आहे. रीत तुला ठाऊक आहे. आक्षेप असेल तर बोल."

आक्षेप? माझ्या जिभेवर रांग लागली होती. वर्षभर ईमेलमध्ये छळलंस. चहाला कॉफी म्हणणाऱ्या दुकानात नेतोस. माझा राग तुला अजून पुरता दिसलाच कुठे! तोंड उघडलं... आणि मिटलं. नको. यातलं काही मला म्हणायचंच नव्हतं. मला हा माणूस हवा होता.

मी गप्प बसले.

"काय झालं?" तो घाबरला. "बोल ना काहीतरी. तू आणि गप्प?"

मी हाताची घडी घातली आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. ओठ घट्ट मिटलेले. तोंड चालवल्याशिवाय मला एक मिनिट जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

त्याचा हात टेबलावर थबकला. मग त्याला उमगलं. "तीन दिवस?" त्यानं अगदी हळू विचारलं. "तीन दिवस अशीच गप्प राहशील? जमेल तुला?"

मी मान डोलावली, ठामपणे. आणि त्याचा हात हातात घेतला, म्हणजे शंका नको.

तेव्हा पहिल्यांदाच त्याचे दोन्ही गाल हसले.