डावीकडे कललेला शिक्का

एबरहार्टच्या पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा झाला ते साल १९६१. चर्चमधून परतलेली मंडळी जेवायला बसली होती. "बाप्तिस्म्याचं पाणीसुद्धा गॉटहिल्फनं मोजूनच दिलं असणार!" असं मामा एबरहार्टच्या वडिलांच्या मोजमापाच्या सवयीवरून म्हणाले आणि सगळे हसले... एवढ्यात फोन वाजला.

म्हातारा गॉटहिल्फ आइझेले फोन ठेवून परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मोटारींच्या मोठ्या कारखान्याने त्याच्या कारखान्यातल्या स्प्रिंगांचा सगळा माल परत पाठवला होता. इंजिनात बसवल्यावर त्या आखडत होत्या!

आइझेल्यांच्या कारखान्यात एक नियम होता. तयार स्प्रिंग चोवीस तास दाबून ठेवायची, मग मोजायची. जी आखडली, म्हणजे पुन्हा मूळ लांबीला आली नाही, ती फेकायची. जी टिकली तिच्याच पेटीच्या कार्डावर तपासणाऱ्याने आपला शिक्का मारायचा. परत आलेल्या पेट्यांच्या कार्डांवर, फोनवर सांगितलं त्याप्रमाणे, तीन नंबरचा शिक्का होता, आणि तो रोझविटाचा होता, गॉटहिल्फच्या थोरल्या लेकीचा.

"रोझविटा, तो शिक्का तू मारलास?"

तिने भावाकडे पाहिलं. एबरहार्टने नजर ताटात घातली. त्या दिवशी ट्रक दारात उभा होता म्हणून सहा तासांतच माल काढून, तिच्या खणातला शिक्का त्यानेच मारला होता, हे त्या एका नजरेत तिला कळलं. उद्या त्याच कारखान्याची माणसं नव्या मोठ्या कामाचा करार करायला येणार होती, तरुण मालकाच्या, एबरहार्टच्याच, शब्दावर... आणि त्याची बाळंतीण बायको पोरीला छातीशी धरून बसली होती. काय करावं त्या अभागिनीने?

"हो बाबा. मीच मारला."

"मग चावी ठेव इथं. आणि या घरात परत पाऊल टाकू नकोस!"

तपासणीच्या खोलीची चावी तिने पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवली.

शेजारच्या खोऱ्यात बटणांच्या कारखान्यात ती बटणं निवडत राहिली. रविवारी बसने जाताना वडिलांचा कारखाना दिसायचा. एक शेड होती तिथं दोन झाल्या, मग पाच. छपरावर निळ्या अक्षरांत आइझेले नाव चढलं. चाळीस माणसांची नऊशे झाली. दर नाताळला ती चांगला झगा घालून खिडकीशी बसायची... आपल्या बाबांना एकदा तरी वाटेल, की माझी लेक असं करणार नाही! पण बोलावणं आलं नाही.

बावीस वर्षांनी दारात एबरहार्ट उभा राहिला, केस पिकलेला, रडवेला.

"रोझी, चल गं. बाबा जातायत. मी त्यांना सगळं सांगितलं."

"काय म्हणाले?"

"तुला आण, एवढंच म्हणाले."

घरी पलंगावर पडलेल्या म्हाताऱ्याने उशीखालून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं.

"तू डावखुरी. तुझा शिक्का कायम डावीकडे कललेला असायचा. हा बघ, सरळ आहे."

"हे तुम्हाला आता दिसलं, बाबा?"



"नाही. परत आलेला माल उघडला, त्याच आठवड्यात."

भावाचं पाप रोझविटाने हसत पोटात घातलं होतं, पण हे...!

"आणि तरी बोलावलं नाहीत? बावीस वर्षं?"

"करार झाला होता गं... खरं बाहेर पडलं असतं तर तो मोडला असता. वाटलं, माझी पोरगी टिकेल. दाबली तरी आखडणार नाही."

"स्प्रिंगसुद्धा चोवीस तासच दाबतात, बाबा! मी आखडले. पार आखडून गेले!"

ती पलंगाच्या कडेवर डोकं टेकून हंबरडा फोडून रडली. एबरहार्ट दारातच खाली बसला. म्हाताऱ्याने तपासणीच्या खोलीची जुनी चावी तिच्या डाव्या मुठीत कोंबली आणि मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"मला फेकू नकोस, पोरी..."

तिने हात सोडवला नाही. क्षमा हा शब्द तिच्या तोंडून निघेना, पण हातही सोडवेना.

गॉटहिल्फ आइझेले ९ नोव्हेंबर १९८३ रोजी, बुधवारी दुपारी, कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी वारला. त्याचा हात रोझविटाच्या हातात होता.